गोंडस खेळाचं मुखपृष्ठ: चेहरा आणि चेष्टा



आजचा विषय जाहीर झाल्यावर आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. "जन्मभर कांट शिकवलात, आणि आता मुलांच्या खेळांवरच्या चित्रांबद्दल बोलणार?" आम्ही म्हटलं, खेळ मुलांचे नाहीत, मोठी माणसं पैसे देऊन खेळतात. आणि चित्रांबद्दल नाही, एकाच चित्राबद्दल बोलणार आहोत. संगणकावरचा खेळ ऑनलाइन दुकानात विकायला ठेवतात, तेव्हा यादीत त्याच्या नावानं जे एक छोटं चित्र दिसतं, ते. खेळवाले त्याला 'कॅप्सूल' म्हणतात. आम्ही आपले मुखपृष्ठच म्हणणार.

हा विषय आमच्याकडे कसा आला ते आधी सांगायला हवं, कारण त्यात आमची चूक आहे आणि ती झाकून पुढचं बोलणं बरोबर होणार नाही.

आमच्या शेवटच्या तुकडीतली एक विद्यार्थिनी गेली तीन वर्षं नोकरी सांभाळून एक खेळ बनवते आहे. एकटीच. संगीत तेवढं मैत्रिणीचं. खेळात एक खारुताई आहे. जुन्या वस्तीच्या कौलांवर, गच्च्यांवर, वळचणीला लोकांच्या हरवलेल्या वस्तू पडलेल्या असतात. कुणाची चावी, कुणाचा चष्मा, कुणाची एका पायातली चप्पल. खारुताई त्या ओढत, ढकलत, ज्याच्या त्याच्या दारात नेऊन ठेवते. मारामारी नाही, वेळेची सक्ती नाही, हरणं नाही. अशा निवांत खेळांना 'कोझी' म्हणायची पद्धत आहे, आणि मोठ्या कंपनीऐवजी एकदोन माणसांनी बनवलेला असला की तो 'इंडी'.

ती मुखपृष्ठ घेऊन आली. चित्रात खारुताईचा चेहरा, जवळजवळ चौकटभर. मोठे पाणीदार डोळे, मान किंचित तिरकी, गालात शेंगदाणा. आम्ही बघितलं आणि म्हटलं, "अगं, हे बिस्किटाच्या पुड्यावरचं चित्र झालं. तुझ्या खेळात केवढी वस्ती आहे, संध्याकाळचा केवढा उजेड आहे, तो दाखव. प्राणी लहान ठेव. बघणाऱ्यानं शोधू दे त्याला." आम्हाला फार छान वाटलं हे सांगताना. तिला सरांचं ऐकायची जुनी सवय. सहा आठवडे राबून तिनं खरोखरच सुंदर चित्र केलं: निळसर सांज, उतरत्या कौलांच्या रांगा, दूर एक पेटलेली खिडकी, आणि एका कोन्यावर शेपटी उभारलेली इवलीशी खार. आम्ही खूश झालो. मग तिनं फोन काढला आणि दुकानाच्या यादीत ते जेवढं दिसणार तेवढं करून आमच्यापुढे धरलं. आम्ही चष्मा वर केला, खाली केला. निळा डाग होता. "सर, खार कुठंय?" असं तिनं विचारलंसुद्धा नाही, हा तिचा मोठेपणा.

तर आधी दुकानाकडे बघू. व्हॅल्व्ह या कंपनीचं स्टीम हे या धंद्यातलं सर्वांत मोठं दुकान. तिथं आता दरवर्षी दहा हजारांहून अधिक नवे खेळ येतात. प्रत्येक खेळासाठी वेगवेगळ्या आकारांची चित्रं द्यावी लागतात. खेळाच्या पानावरचं आडवं चित्र आता 920 बाय 430 ठिपक्यांचं मागतात, एक उभं 748 बाय 896 चं, विकत घेतलेल्या खेळांच्या कपाटात लावायला आणखी एक उभं 600 बाय 900 चं. आणि सगळ्यात महत्त्वाची ती छोटी पट्टी, जी शोधयादीत, खपाच्या यादीत, नव्या खेळांच्या यादीत दिसते. ती बरीच वर्षं 231 बाय 87 होती. आता दुप्पट मोठी मागतात, पण पडद्यावर दिसते ती लहानच. तिच्यातून दुकान स्वतः आणखी लहान नकला काढतं, त्यातली सर्वांत धाकटी 120 बाय 45. साध्या पडद्यावर ही सव्वातीन सेंटिमीटर रुंद आणि सव्वा सेंटिमीटर उंच. एवढ्याशा जागेत तीन वर्षांचं काम उभं राहायचं आहे. त्यातही दुकानाचा स्वतःचाच सल्ला असा की छोट्या पट्टीत खेळाचं नाव जवळजवळ काठोकाठ बसवा. म्हणजे आमच्या सांजवेळेला शिल्लक किती राहिलं, तुम्हीच मोजा.

आणखी एक गोष्ट आम्हाला कळायला हवी होती. स्टीमच्या पानांचा रंगच मुळी गडद निळा आहे. गडद निळ्या भिंतीवर निळसर सांजेचं चित्र टांगलं तर काय होणार? चौकटीची कडसुद्धा दिसेना. चित्र चांगलं की वाईट हे ठरवताना भिंतीचा रंग विचारायचा असतो, हे आम्ही सौंदर्यशास्त्राच्या वर्गात कधी शिकवलं नाही. पूर्वी दिवाळीच्या आधी फुटपाथवर अंकांचे ढीग लागायचे, त्यात दीनानाथ दलालांची 'दीपावली' रस्त्याच्या पलीकडून ओळखू यायची. दलालांना ते ठाऊक होतं. चित्र एकटं लावलं जाणार नाही, शंभरांच्या गर्दीत लावलं जाणार, हे धरून ते काढलेलं असे.

आता मुख्य प्रश्न. हा गोंडसपणा म्हणजे काय, आणि तो मुखपृष्ठावर कसा आणायचा?

याचं एक उत्तर सगळे चित्रकार मनात बाळगून असतात, भले नाव माहीत नसो. 1943 साली कोनराड लोरेंझ या ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञानं असं मांडलं की तान्ह्या बाळाच्या रूपात काही ठरलेल्या खुणा असतात: शरीराच्या मानानं मोठं डोकं, पुढं आलेलं कपाळ, चेहऱ्यात खाली बसवलेले मोठे डोळे, फुगीर गाल, आखूड जाड हातपाय, अडखळती हालचाल. त्या दिसल्या की मोठ्या माणसाच्या मनात जपण्याची वृत्ती जागी होते, मग ते बाळ माणसाचं असो, कुत्र्याचं असो की कापसाचं. पुढं 1979 मध्ये स्टीफन जे गूल्ड या जीवशास्त्रज्ञानं मिकी माऊसची चित्रं चक्क मोजपट्टी घेऊन मोजली. सुरुवातीचा मिकी खोडसाळ, जरा दुष्टच होता. जसजसा तो सभ्य होत गेला तसतसे त्याचे डोळे मोठे होत गेले: डोक्याच्या लांबीच्या 27 टक्क्यांवरून 42 टक्क्यांपर्यंत. चित्रकारांनी लोरेंझ वाचला नव्हता, त्यांच्या हाताला तो सापडला होता.

म्हणजे कृती सोपी झाली म्हणायची. डोळे मोठे करा, डोकं मोठं करा, झालं मुखपृष्ठ. आमच्या विद्यार्थिनीचं पहिलं चित्र नेमकं हेच होतं. आणि त्या बाबतीत आमचा नकार बरोबर होता, फक्त कारण चुकीचं होतं. आम्ही ते उथळ म्हणालो. खरा दोष निराळा आहे, आणि तो सांगायला थोडं मागं जावं लागेल.

एडमंड बर्क हा इंग्रजीत लिहिणारा आयरिश विचारवंत. 1757 च्या ग्रंथात तो उदात्त आणि सुंदर यांच्यात भेद करतो. उदात्तापुढं आपण नमतो. सुंदर लहान असतं, गुळगुळीत असतं, नाजूक असतं, आणि आपण त्याच्यावर प्रेम करतो ते आपल्यापुढं नमतं म्हणून. आमच्या काळात हे वाक्य परीक्षेत टीपा लिहायला यायचं, त्यातली बोच कुणाला जाणवायची नाही. ती जाणवली अमेरिकेतल्या सीआन न्गाई यांना. 2012 च्या पुस्तकात त्यांनी 'क्यूट' या कल्पनेचाच विचार केला आहे, आणि त्यांचं म्हणणं असं की गोंडस वस्तूचं आकर्षण तिच्या दुबळेपणात असतं. ती आपल्यापेक्षा लहान, मऊ, असहाय. म्हणून तिला कुशीत घ्यावंसं वाटतं, आणि जरा चिमटावंसंही वाटतं. गाल ओढणाऱ्या मावशा, काकू सगळ्यांनी भोगल्या आहेत. [हशा]

आता चौकटभर चेहऱ्याकडे पुन्हा बघा. तो चेहरा आपल्याकडे बघतो, मान तिरकी करतो, आणि 'मला घे' म्हणतो. एवढंच म्हणतो. बघणारा वर, तो खाली. नातं मालकीचं झालं, खेळाचं नाही झालं. मालकीचं नातं भरतकामाच्या उशीला चालतं, कॉफीच्या मगाला चालतं. खेळात मात्र आपण त्या प्राण्याकडे बघत बसत नाही, आपण त्याच्या ठिकाणी जातो. खारुताईचे पाय आपल्या बोटांनी चालतात. मग मुखपृष्ठावर फक्त बघण्याजोगा चेहरा ठेवणं म्हणजे नाटकाच्या जाहिरातीत नटाचा पासपोर्टचा फोटो छापणं.

इथं आम्हाला आपल्याकडचं अलंकारशास्त्र जास्त उपयोगी वाटतं. भरतानं आठ रस सांगितले, पुढं शांत धरून नऊ झाले. चौदाव्या शतकातला विश्वनाथ 'साहित्यदर्पणा'त वत्सल हा आणखी एक रस मानतो. त्याची मांडणी बघण्यासारखी आहे. वत्सलाचं आलंबन, म्हणजे ज्याच्या आधारानं भाव उभा राहतो ते, अर्थातच मूल. पण उद्दीपन, म्हणजे ज्यानं तो भाव पेटतो ते काय? मोठे डोळे? गुबगुबीत गाल? विश्वनाथ सांगतो ते असं: मुलाच्या चेष्टा, आणि त्याची विद्या, शौर्य, दया वगैरे. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, पण संस्कृतात चेष्टा म्हणजे हालचाल, कृती, धडपड. मूल काय करतं यानं वत्सल पेटतो. ते कसं दिसतं हे आलंबनात येऊन गेलं.

मराठीतले शब्दही जरा हाताळून बघा. 'गोंडस' म्हटलं की गुबगुबीतपणा डोळ्यांपुढं येतो, म्हणजे रूप. 'लोभस' म्हटलं की बघणाऱ्याचा लोभ आला. 'लाघवी' म्हटलं की वागणं आलं. आमच्या मते चांगल्या मुखपृष्ठाला गोंडसपासून लाघवीपर्यंत जावं लागतं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या देवघरात रांगता बाळकृष्ण असेल. लग्नात मुलीबरोबर अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण देतात, तोच. पितळेचा, दोनअडीच इंचांचा. एक गुडघा टेकलेला, एक हात जमिनीवर, दुसऱ्या उचललेल्या हातात लोण्याचा गोळा, आणि मान वर. शेकडो वर्षं हाताळून कित्येक घरी त्याचे डोळे-नाक पुसले गेलेत, चेहरा म्हणून उरलेला नाही. तरी दारातून बघितलं तरी कळतं: हा रांगतोय, आणि यानं काहीतरी पळवलंय. चेहरा गेला तरी चेष्टा टिकली, कारण ती बाह्याकृतीत आहे. सव्वातीन सेंटिमीटरच्या पट्टीत टिकायचं असेल तर हेच टिकतं. डोळ्यांतली चमक त्या आकाराला दोन ठिपके होते. हातातला गोळा मात्र गोळाच राहतो.

आता प्रत्यक्ष खेळांवर येऊ. 'अनटायटल्ड गूज गेम' हा 2019 चा खेळ. मेलबर्नच्या हाऊस हाऊस नावाच्या छोट्या चमूनं केला. त्यातली गूज, म्हणजे आपण कौतुकानं हंस म्हणतो ती, एका इंग्रजी खेड्यात शिरून लोकांना सळो की पळो करते. माळ्याच्या किल्ल्या पळवते, मुलाला डबक्यात पाडते. कर्कश ओरडायला एक वेगळं बटण आहे. लोरेंझच्या मापानं हा पक्षी अजिबात गोंडस नाही. डोळे टिकलीएवढे, मान लांब, डोकं लहान. तरी लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. निव्वळ चेष्टांवर. आणि पांढरं अंग, नारिंगी चोच एवढ्या दोन रंगांत तो कुठंही ओळखू येतो. काय करतो ते कळावं म्हणून त्याच्यात गालफुगी आणायची गरज कुणाला वाटली नाही.

'अनपॅकिंग' हा 2021 चा, ऑस्ट्रेलियातल्याच विच बीम या चमूचा. यात कोणी प्राणी नाही, माणूससुद्धा दिसत नाही. एका बाईची 1997 पासून 2018 पर्यंतची घरबदलं, आणि प्रत्येक घरात खोक्यांतून सामान काढून लावायचं. एका घरी तिच्या पदवीच्या चौकटीला भिंतीवर जागाच मिळत नाही, शेवटी ती पलंगाखाली सरकवावी लागते. एवढ्यातून त्या जोडीदाराबद्दल जे कळायचं ते कळतं. इथं वस्तूच गोंडस आहेत, आणि क्रियापद नावातच आहे: खोकी उघडणं. नाव काम करत असेल तर चित्राला थोडी उसंत मिळते. आमच्या विद्यार्थिनीनं हे ऐकून खेळाचं नाव बदललं. काय ठेवलं ते सांगायचं नाही अशी तिची ताकीद आहे.

'कल्ट ऑफ द लॅम्ब', 2022. हा आम्हाला मुखपृष्ठ म्हणून सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. कोकरू, मोठ्या डोळ्यांचं, मऊ, लोरेंझची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण होणारं. आणि डोक्यावर मुकुट, त्यात एक डोळा. खेळात या कोकराचा बळी दिला जातो, एक बंदिस्त दैवत त्याला परत पाठवतं, आणि बदल्यात त्याला स्वतःचा पंथ काढावा लागतो. भक्तांना जेवू घालायचं, त्यांची घाण उचलायची, प्रवचन द्यायचं, आणि प्रसंगी त्यांनाच बळी द्यायचं. एवढं सगळं मुखपृष्ठावर मावणार कसं? मुकुटातल्या त्या एका डोळ्यात मावतं. बघणाऱ्याला लगेच कळतं की हे कोकरू कुशीत घ्यायचं नाही.

याच्या उलट 'डोकी डोकी लिटरेचर क्लब', 2017 चा. गुलाबी रंग, शाळेच्या गणवेशातल्या चार मुली, साहित्यमंडळ, कविता. आत मात्र खेळ भयानक वळण घेतो. मुखपृष्ठावर त्याचा मागमूस नाही. आता ही फसवणूक म्हणायची का? आम्ही बराच काळ 'हो' म्हणत होतो. पण तो खेळ फुकट दिला जात होता, आणि मुलांसाठी किंवा सहज विचलित होणाऱ्यांसाठी नाही अशी सूचना पानावर स्पष्ट लिहिलेली आहे. मुखपृष्ठाचा गोंडसपणा हा त्या खेळाच्या युक्तिवादाचाच भाग आहे, तो काढला तर खेळ उरत नाही. एखाद्यानं एकदा केलं, निभावलं. पण ही वाट दुसऱ्यांनी धरू नये असंच आम्ही म्हणू, कारण सूचना न वाचणारेच जास्त.

चित्राची शैली आणि खेळाची शैली वेगळी असावी का, हा वाद जुना आहे. 1977 साली अटारीचं घरगुती यंत्र आलं तेव्हा पडद्यावर चारदोन चौकोन हलायचे, आणि खोक्यावर क्लिफ स्पोनसारख्या चित्रकारांनी रंगवलेली घोडदौड, स्फोट, रणगाडे. आज ठिपक्यांनी काढलेल्या खेळावर गुळगुळीत रंगवलेलं मुखपृष्ठ असतं, त्यावर काही लोक चिडतात. आम्हाला ते इतकं गैर वाटत नाही. शैली बदलली तर चालेल. कृती बदलता कामा नये. आत खार वस्तू ओढत असेल आणि बाहेर ती तलवार घेऊन उभी असेल, तर ते खोटं.

आणि इथं पैशाचा हिशेबही आहे बरं का. स्टीमवर 2015 पासून असा नियम आहे की विकत घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर खेळ परत करता येतो, पैसे मिळतात. चेहऱ्याला भुलून कुणी आला, त्याला वाटलं पाळीव प्राणी सांभाळायचाय, आणि आत कौलांवर चप्पल ओढत न्यायची आहे, तर तो तासाभरात परत जाणार. जाताना चार कडू शब्दही लिहून जाणार. ज्याला चप्पल ओढायला आवडलं असतं तो मात्र चेहरा बघून 'हे लहान मुलांचं दिसतंय' म्हणून पुढं गेलेला असतो. नुकसान दोन्हीकडून.

दुकानानं 1 सप्टेंबर 2022 पासून एक नियम केला, तो आम्हाला मनापासून आवडला. या चित्रांत खेळाचं चित्र, खेळाचं नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच हवं. किती तारे मिळाले, कोणतं पारितोषिक मिळालं, किती टक्के सवलत, काही लिहायचं नाही. आपल्याकडे पुस्तकावर 'पारितोषिकप्राप्त' आणि 'सातवी आवृत्ती'च्या पट्ट्या चिकटवतात, चित्र खाली गुदमरतं. तिथं निदान दारात सगळे सारखे उभे राहतात.

यंत्राकडून चित्र काढून घेण्याबद्दल थोडक्यात. 2024 पासून स्टीमवर अशी चित्रं वापरली असतील तर तसं जाहीर करावं लागतं. नीतीचा भाग बाजूला ठेवला तरी आमची एक तक्रार उरते. यंत्राला गोंडस खार मागा, ते किलोनं आलंबन देतं: डोळे, गाल, तिरकी मान, मागं सोनेरी उजेड. ती कुठल्याही खेळातली खार असते. तुमच्याच खेळातल्या खारीला कोणत्या वस्तूचा कोणता कोपरा दातात धरायची सवय आहे, हे बनवणारीलाच माहीत असतं.

(श्रोत्यांमधून प्रश्न: "मग चेहरा नकोच का, सर?")

नाही, नाही. चेहरा हवाच. चेहरा नसेल तर माणूस थांबणार नाही, ते लोरेंझचं ऋण मान्य. पण चेहरा कुठं बघतोय ते महत्त्वाचं. तो आपल्याकडे बघत असेल तर आपली भेट तिथंच संपते. तो आपल्या कामाकडे बघत असेल, त्या चपलेकडे, समोरच्या कौलाकडे, तर आपणही तिकडे बघतो आणि विचारतो, 'हे जमणार का हिला?' हा प्रश्न पडला की खेळ सुरू झाला. कोकरू आणि मुकुट यांची गोष्ट वेगळी, तिथं आपल्याकडे रोखून बघणं हाच धोका आहे.

अक्षरांबद्दल एक सांगायचं राहिलं. तिला नाव देवनागरीतही हवं होतं. रोमन अक्षरं पट्टीत काठोकाठ बसतात. आपल्या लिपीत वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार. उंचीतला मोठा भाग त्यांनाच जातो आणि मधलं अक्षर चेपून जातं. 'खारुताई'मधला 'रु' तर एवढ्याशा जागेत गाठोडं होऊन बसतो. तिनं उपाय काढला तो आम्हाला भारी आवडला: शिरोरेषा म्हणजेच कौलाची वळचण. नाव छपराखाली लोंबतं, आणि खार छपरावर, म्हणजे शिरोरेषेवर चालते. रेषेच्या वरच्या वेलांट्या तिला ओलांडायचे अडथळे होतात. लिपीची अडचण होती, तिचंच तिनं छप्पर केलं.

तर तिसरं मुखपृष्ठ असं झालं. पार्श्वभूमी आमच्या निळ्या सांजेऐवजी पिकल्या लिंबासारखी पिवळी, म्हणजे दुकानाच्या गडद भिंतीवरून सुटून येते. वस्ती गेली, पेटलेली खिडकी गेली. आम्हाला त्या खिडकीचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. ती खेळाच्या पानावरच्या मोठ्या चित्रात ठेवली आहे. खार बाजूनं दाखवली आहे, शेपटी ताठ, मागचे पाय रेटलेले, तोंडात स्वतःहून मोठ्या चपलेचा पट्टा. खार, चपल, छप्पर, नाव, सगळं सुटं काढलंय, म्हणजे उभ्या चित्रात खार वर आणि चपल खाली लोंबती ठेवता येते. एकच चित्र कापून सगळीकडे बसवायचा नाद तिनं सोडला. इच डॉट आयओ नावाच्या दुसऱ्या दुकानात 630 बाय 500 चा आकार सुचवतात, जरा चौकोनी, तिथं पुन्हा निराळी मांडणी.

बघण्याची रीतही तिनं शिकवली, ती तुम्हाला सांगतो. चित्र आधी काळंपांढरं करायचं. मग पूर्ण काळं, नुसती बाह्याकृती. मग बोटाच्या पेराएवढं करून हात लांब धरायचा आणि ज्यानं खेळ बघितलेला नाही अशा माणसाला विचारायचं: यात कोण आहे असं नाही, यात काय चाललंय?

आम्ही घरी विचारलं. सूनबाई म्हणाल्या, "खार काहीतरी ओढतेय." उत्तम. नातू म्हणाला, "खार मासा ओढतेय." आम्ही चष्मा लावून पुन्हा बघितलं. 120 बाय 45 ला चपलेचा अंगठा शेपटीसारखा दिसतो, त्याचं बरोबर आहे. तिला कळवलं. काल रात्री तिचा निरोप आला: "सर, चपलेऐवजी छत्री करून बघते. मुठीला बाक आहे, तो कशासारखाच दिसत नाही." चित्र अजून आलेलं नाही. प्रश्न असतील तर घेऊ या.